सासूबाईंचा सरवा

आमच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात भाजीवालीशी भाव केला नाही. "दोन रुपये कमी कर" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तरीही मी आठवड्याला भाजीवर जेवढे पैसे उडवायचे, त्याच्या निम्म्यात त्या दुप्पट भाजी घरी आणायच्या. मी आपली दुपारी चारला टवटवीत भाजी घ्यायला जाणारी, घासाघीस करून वर मूठभर कोथिंबीर फुकट मागणारी, आणि घरी येऊन नवऱ्याला स्वतःची हुशारी सांगणारी. सासूबाई नुसत्या माझ्या पिशवीत डोकावायच्या, आणि ते डोकावणं मला असं झोंबायचं की विचारू नका.

त्या बाजाराला जायच्या दिवस मावळताना. पाथर्डी फाट्याच्या रस्त्याकडेला आसपासच्या मळ्यांतल्या बायका भाजीचे वाटे लावून बसत. उठायची वेळ झाली की सासूबाई एखादीसमोर जाऊन बसायच्या, लेकीबाळींची चौकशी करायच्या, आणि उरलेला सगळा ढीग एका रकमेत उचलायच्या. "तिला वझं घरी न्यायचं नाय, आपल्याला जास्तीचं द्यायचं नाय. भाव कशाला करायचा? बाईनं सकाळपास्नं उन्हात बसून विकलंय ते," असं त्यांचं म्हणणं. मग रात्रीच्या जेवणाआधी आमच्या स्वयंपाकघरात मेथी, मुळे, दोडके, वांगी यांचा डोंगर आणि मी तो निवडत बसलेली, तोंड वाकडं करून.

सासूबाई देवळा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. नव्वदच्या दशकातली अखेरची वर्षं होती ती. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट नुकताच घेतला होता, आणि आमच्या यांच्या अंबडच्या कंपनीला टाळं लागलं. मला पाचवा महिना. त्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घातल्या. रक्त फार कमी आहे, म्हणाल्या, असंच राहिलं तर बाळंतपण अवघड जाईल, बाळही अशक्त निघेल, नीट खा. नीट खा म्हणे! घरात येणारा पैसा बंद, फ्लॅटचा हप्ता डोक्यावर, आणि मी फळं, दूध, अंडी यांची यादी हातात घेऊन रडतेय. यांनी गावी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी सासूबाई बाजरीचं पोतं आणि कुळथाचं गाठोडं घेऊन दारात हजर.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. "घराचा हप्ता चुकवायचा नाय. हिच्या ताटात कमी पडू द्यायचं नाय. मधलं मी बघते." वाण्याकडची माझी महिन्याची यादी त्यांनी हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मला वाचायला लावली. बिस्किटं, सॉस, मसाल्याच्या पुड्या, तयार पापड असं एकेक नाव आलं की त्या नुसत्या हाताने बाजूला सारल्यासारखं करायच्या. शेवटी यादीत गूळ, तेल, मीठ, तूरडाळ आणि चहा उरला. मी आतल्या आत धुमसत होते. म्हटलं, हिच्या हातात माझं पोर सोपवायचं की काय?

पण खायला घालावं ते त्यांनीच. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, कुळथाची शेंगोळी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि तिच्यावर ठेचा. ताटात पाच पदार्थ असल्याशिवाय त्या ताट पुढे करायच्या नाहीत. भले त्यातला एक नुसता भाजलेला कांदा का असेना. "अडचण हे ती हेच, पर ती ताटात दिसली की माणूस खचतो," म्हणायच्या. कंपनीच्या गेटवरून हताश होऊन आलेले आमचे हे त्या ताटासमोर बसले की निदान भाकरी मोडेपर्यंत तरी टाळ्याचं नाव काढायचे नाहीत. मी मात्र मनातून घाबरलेलीच. खालच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकू रोज विचारायच्या, सफरचंद खातेस ना ग? मी हो म्हणायचे. सासूबाईंकडे सफरचंदाचा विषय काढला की त्या शेंगदाण्याची आणि गुळाची वाटी पुढ्यात ठेवायच्या.

एके दिवशी त्या दुपारी गेल्या आणि पदरात ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या. मातीने लडबडलेल्या, अडीच-तीन किलो असतील. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाल्या, सरवा केला. शेतातलं पीक काढून नेल्यावर मातीत जे राहतं ते वेचायचं, त्याला सरवा म्हणतात. मी शहरात वाढलेली. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आई, चोरून आणल्यात?"

तेवढ्या एका वेळेला मी त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. शेंगा परातीत ओतून त्या शांतपणे सांगू लागल्या. उभ्या पिकाला हात लावायचा नाही. मालकाची शेवटची गाडी वावराबाहेर गेल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. एक सरी तरी न वेचता सोडायची, मागून येणारीसाठी. त्यांच्या सासूने त्यांना हे शिकवलं होतं, आणि गावात सरव्याला कुणी नाही म्हणत नाही. "चोरी कशी म्हनतीस पोरी? वाकावं लागतं त्याला," एवढंच त्या म्हणाल्या. मी ओशाळले, पण हट्ट सोडला नाही. कॉलनीतले लोक बघतात, मला बरं वाटत नाही, असं मी सांगून टाकलं. त्यावर त्यांनी एक केलं. जायचं बंद केलं नाही. नाल्याच्या बाजूने, मागच्या वाटेने जाऊ लागल्या. शेंगा उकडून, भाजून, कुटून माझ्या पोटात जात राहिल्या. पुढच्या महिन्याचा रिपोर्ट आला तेव्हा रक्त थोडं चढलं होतं. थोडंच. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरच्या आठ्या अजून तशाच होत्या.

आणि मग कांदा भडकला. नाशिक जिल्ह्यात राहून आम्हाला कांदा सफरचंदाच्या भावाने घ्यायची वेळ आली. हॉटेलांत कांद्याऐवजी कोबी चिरून देऊ लागले. सासूबाईंना हे अगदी लागलं. कांदा पिकवण्यात जन्म गेलेली बाई ती, अर्धा कांदा मोजून फोडणीला टाकायची पाळी यावी! नाल्यापलीकडच्या एका मळ्यात लाल कांदा निघत होता. तो काढून झाल्यावरही त्या दोन दिवस थांबल्या. वावर रिकामं पडलं, माणूसकाणूस दिसेना, तेव्हा तिसऱ्या दिवशी खताच्या गोणीची पिशवी घेऊन गेल्या. इथेच चूक झाली, आणि ती त्यांच्या गावचीच चूक होती. त्यांच्याकडे शेतकरी कांदा काढतो, ट्रॅक्टरला घालतो, मार्केटात नेतो. वावरात जे मागे राहील ते राहील. इथे मालकाने उभं शेतच व्यापाऱ्याला एकरकमी, उक्तं देऊन टाकलं होतं. व्यापारी पहिला माल नेऊन दोन दिवसांनी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेचायला पुन्हा मजूर लावणार होता. एरवी गोल्टीकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्या साली तिलाही सोन्याचा भाव आला होता.

साडेचारची वेळ. मला सातवा सरत आलेला. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, तेवढ्यात खाली फाटकाशी मोटरसायकल थांबली. बघते तर सासूबाई. पदर कमरेला खोचलेला, पाय घोट्यापर्यंत मातीचे, हातात ती पिशवी. त्यांच्या पुढ्यात एक तरणा माणूस मोठमोठ्याने बोलत होता. व्यापाऱ्याचा माणूस होता तो. देशपांडेकाकू तुळशीला पाणी घालत होत्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघीतिघी जमल्या होत्या. "तुमच्या इथली आहे का ही बाई?" तो विचारत होता. "शेतातून माल उचलताना धरलीय. पैसे मोजलेत आम्ही त्याचे. घरचं कोण असेल त्याला बोलवा."

काकूंनी वर माझ्या गॅलरीकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं.

मी आत गेले. हातातले कपडे छातीशी धरून पडद्याआड उभी राहिले. दुसरं काही केलं असतं असं आज शंभरदा वाटतं, पण तेव्हा पाय आपसूक मागे गेले. मनात एकच, देवा, यांनी माझं नाव घेऊ नये.

त्यांनी घेतलं नाही. खालून त्यांचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "मी इथली नाय. पुढच्या गल्लीला राहते."

देशपांडेकाकूंना सगळं माहीत होतं. पण त्या पाणी घातलेल्या तुळशीला पुन्हा पाणी घालू लागल्या. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, सासूबाई त्या माणसाच्या मोटरसायकलीपुढे चालत निघाल्या, आमचं घर मागे टाकून, जिथे आमचं कुणीच नव्हतं त्या गल्लीकडे. कोपऱ्यावर त्याने पिशवी हिसकून रस्त्यावर उलटी केली. सुपारीएवढाल्या गोल्ट्या चहूकडे घरंगळल्या. तो शिव्या देत होता की काय ते ऐकू येत नव्हतं. त्या खाली बसल्या आणि एकेक गोल्टी वेचून त्याने गाडीवरून काढलेल्या पोत्यात टाकू लागल्या. त्याने गाडी चालू केली तरी त्यांचं वेचणं चाललंच होतं. एकही ठेवली नाही.

तासाभराने, सगळीकडे सामसूम झाल्यावर, त्या मागच्या वाटेने घरी आल्या. पाय धुतले, चूल पेटवल्यासारखा गॅस पेटवला आणि पिठलं टाकलं. त्यात कांदा नव्हता. ताटात पदार्थ पाचच होते. माझ्या पुढ्यात ताट ठेवून म्हणाल्या, "गरम हे तोवर खा." मी खाल्लं. ताट संपेपर्यंत त्या समोर बसून होत्या.

दोन दिवसांनी त्यांनी आपण होऊन यांना सांगितलं. वावर उक्तं गेलंय हे ठाऊक नव्हतं, चूक आपली, म्हणाल्या. हे भडकले, त्या व्यापाऱ्याला बघून घेतो म्हणून चप्पल घालू लागले. "त्याचा माल होता, तो बोलणारच. तू बस," म्हणून त्यांनी लेकाला बसवलं. गॅलरीचा शब्द काढला नाही. मी दाराशी उभी होते. आता सांगतील, आता सांगतील, असंच मला वाटत होतं. पुढे कित्येक दिवस त्या तोंड उघडू लागल्या की मला धडकी भरायची. टोमणा मारला असता तर मी सुटले असते. भांडले असते, रडले असते. त्यांनी मला ती सोय केलीच नाही. सरव्याला मात्र त्या पुन्हा गेल्या नाहीत. बाजारातून येताना त्यांच्या पिशव्या तेवढ्या आणखी जड झाल्या.

मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. बाळंतपणात काही अवघड गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शेवटचा रिपोर्ट बघून विचारलं, काय काय खाल्लंत हो? मी सासूबाईंकडे बोट दाखवलं, तर त्यांनी लाजून पदर तोंडाला लावला. यांची कंपनी काही उघडली नाही, पण दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. हप्ता एकही चुकला नाही. पुढे आठेक वर्षांनी सासूबाई गावी झोपेतच गेल्या. आता मीही दिवस मावळताना बाजाराला जाते, एखादीसमोर बसून उरलेला ढीग उचलते आणि भाव करत नाही. लेक म्हणते, आई, तू अगदी आजीसारखी. तसं म्हटलेलं मला सहन होत नाही, आणि का ते मी तिला कधी सांगितलेलं नाही.

मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा सासूबाई गावी परत निघाल्या. सकाळची वेळ, हे रिक्षा बघायला खाली गेलेले. त्या खाली बसून गाठोडं बांधत होत्या, मी बाळाला घेऊन समोर उभी. इतके महिने गिळून ठेवलेलं आता बोलायचंच, असं ठरवून मी म्हणाले, "आई, त्या दिवशी तुम्ही खाली फाटकाशी होतात ना, तेव्हा मी गॅलरीत…"

"आत गेलीस ते बरं केलंस," गाठ आवळता आवळता त्या म्हणाल्या. "पोटुशी बाईनं असलं बघू नये. तुला चक्कर आली असंल."

मला चक्कर आली नव्हती. मला त्यांची लाज वाटली होती. गाठ मारून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. घाई नव्हती त्यांना. रिक्षा अजून यायची होती, घरात आम्ही दोघीच होतो, आणि खरं बोलायला मला हवा तेवढा वेळ होता.

"हो आई," मी म्हणाले, "चक्करच आली होती."