माझ्या आवाजातली खोटी बातमी

"ती वस्तीतली आहे ना. जरा भावनिक होते."

सर असं म्हणाले आणि सभागृह हसलं. मोठ्याने नाही. सभ्य माणसं हसतात तसं, नाकातल्या नाकात.

मी उभी होते. प्रभाग समितीची सभा चालू होती. समोर टेबलामागे नगरसेवक आणि अधिकारी, बाजूला पत्रकारांची रांग. त्या रांगेतूनच मी उठले होते. हातात आमच्या चॅनलचा माईक, गळ्यात चॅनलचं ओळखपत्र. मी एवढंच म्हटलं होतं, की आत्ता पडद्यावर दाखवलेली क्लिप खरी नाही. आमच्या वस्तीतल्या बायकांनी दवाखाना हलवायला होकार दिलेला नाही. ती बातमी मीच केली होती, त्या बायकांशी मीच बोलले होते.

आमच्या नगरसेवकांना सगळे दादा म्हणतात. दादा हसून म्हणाले, "अगं, क्लिपमधला आवाज तर तुझाच आहे."

आवाज माझाच होता. तेच तर सांगायचं होतं मला.

मी सरांकडे बघितलं. चॅनल त्यांचं. आदल्या दिवशी तेच म्हणाले होते, तू सभेत उभी राहा, मी तुझ्या पाठीशी आहे. आता ते बोलतील म्हणून मी थांबले. ते बोलले. वर लिहिलंय तेवढंच बोलले.

मग दादांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. "उभीच आहेस तर या बाटल्या वाट सगळ्यांना."

आणि मी वाटल्या.

माईक खाली ठेवला, बाटल्या उचलल्या, एकेकाच्या पुढे ठेवत गेले. कुणी हात धरला नव्हता. कुणी ढकललं नव्हतं. पण पिढ्यानपिढ्यांची सवय अंगात असते, ती डोक्याला विचारून हलत नाही. शेवटची बाटली सरांपुढे ठेवली. ते थँक्यू म्हणाले.

आता जात कुणी तोंडावर काढत नाही. शिकलेली माणसं तर नाहीच. ती वस्ती म्हणतात. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

आमची वस्ती नाल्याकाठची. बहुतेक घरं बौद्धांची. मधोमध विहार, आणि विहाराच्या अंगाला महापालिकेचा दवाखाना. दोन खोल्यांचा, वर पत्रा. तिथे गरोदर बायकांची तपासणी व्हायची, पोरांच्या लसी व्हायच्या, म्हाताऱ्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या मिळायच्या. डॉक्टर कधी असायचे, कधी नसायचे. पण सिस्टरबाई रोज यायच्या. कुणाचं पोट कितव्या महिन्यात आहे आणि कुणाची खोकल्याची तक्रार जुनी आहे, ते त्यांना तोंडपाठ. माझी आई द्राक्षांच्या पॅकिंगच्या शेडवर जायची. दिवसभर उभं राहून पाय सुजले की संध्याकाळी घरी येण्याआधी ती दवाखान्याच्या पायरीवर बसायची. आम्हाला तो सरकारी वाटायचाच नाही. तो आमचा होता.

सर मला भेटले ते गढूळ पाण्याच्या वेळेला. वस्तीच्या नळाला आठवडाभर काळपट पाणी येत होतं. बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, मीही होते. बी.ए. करून नाशिकच्या सीबीएस बस स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते तेव्हा. सर कॅमेरा घेऊन आले आणि मी त्यात बोलले. भडाभडा बोलले. बातमी चालली, पाणीही साफ झालं. सर परत आले आणि म्हणाले, तुझ्या आवाजात दम आहे, माझ्याकडे ये.

सर जुन्या नाशकातले. घरात वकील, डॉक्टर. त्यांचं चॅनल लहान, मोबाईलवर बघायचं, पण शहरातले निम्मे लोक बघायचे. पाणी कधी येणार, रस्ता कुठे खोदलाय, घंटागाडी का आली नाही, कुठल्या प्रभागात काय मंजूर झालं, अशा बातम्या. जयंतीला सर आमच्या विहारात भाषण करायचे. समतेवर छान बोलायचे. एकदा आमच्या घरी जेवले. जमिनीवर मांडी घालून, आईच्या हातची भाकर आणि वांग्याची भाजी. आई किती दिवस सगळ्यांना सांगत होती, एवढा मोठा माणूस पण आपल्यात जेवला. मलाही ते मोठं वाटलं. जेवण आमचं होतं आणि उपकार त्यांचे झाले होते, हे तेव्हा कळलं नाही.

त्यांनी मला शिकवलं, हे खरं आहे. माईक कसा धरायचा, प्रश्न कसा विचारायचा, समोरच्याला बोलू कसं द्यायचं. ऑफिसात लोकांसमोर म्हणायचे, ही माझी मुलगी. मी ते धरून चालले. माझे वडील लहानपणीच गेले. कुणी मुलगी म्हटलं की माझं मन लगेच ओलं व्हायचं.

मग दवाखाना हलवायची बातमी आली. महामार्गाच्या पलीकडे, मोठ्या सोसायट्यांच्या बाजूला नवी इमारत झाली होती. दवाखाना तिकडे जाणार आणि इथली जागा शेजारी होणाऱ्या लग्नाच्या मोठ्या हॉलच्या पार्किंगला मिळणार. सर म्हणाले, बातमी तूच कर, तुझ्या लोकांची आहे.

बायका कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हत्या. सुमनमावशी आमच्या शेजारची, विधवा, शुगरची पेशंट, भाजी विकते. ती आधी आली. तिच्यामागून बाकीच्या. मावशी मला म्हणाली, "तू आपली हाय म्हणून बोलते. नायतर कोण बोलतंय कॅमेऱ्यात."

मग ती बोलली. "नवा दवाखाना चांगला व्हईल. पण आम्ही तिथवर जायचं कसं? गाड्या थांबत नाय, पुलाखालून जायचं तर लय लांबचा फेरा. गरोदर बाईनं जायचं कसं?"

माझी वहिनी तेव्हा सहाव्या महिन्यात होती. तीही बोलली. खाली बघत, पण बोलली.

दुसऱ्या दिवशी बातमी लागली. आम्ही सगळ्या विहाराच्या ओट्यावर एका मोबाईलभोवती बसून बघत होतो. मावशीचा चेहरा आला. ती म्हणाली, नवा दवाखाना चांगला व्हईल. तिथेच कापलं. पुढचं काहीच नाही. मग वहिनीचा खाली घातलेला चेहरा, आवाज बंद. आणि त्या चेहऱ्यांवर माझा आवाज, "परिसरातील महिलांनी या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं आहे."

हे वाक्य मी बोलले होते. इंदिरानगरकडच्या एका जॉगिंग ट्रॅकच्या बातमीला. कधीतरी मागे. तिथून उचलून ते इथे चिकटवलं होतं.

मावशी उठली, पदर झटकला आणि घरात गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तशीच ऑफिसला गेले. सर चहा पीत होते. मी विचारलं, हे काय केलं. ते शांतपणे म्हणाले, बातमीत थोडं इकडेतिकडे होतं, एडिटिंग करणाऱ्या मुलाने घाई केली. मी म्हटलं, मग पूर्ण बातमी आज लावा. ते म्हणाले, मूळ शूटिंग डिलीट झालं. वर म्हणाले, दादांशी आपले संबंध आहेत, असं एकदम उलटं जाता येत नाही, तू सभेत बोल, मी आहे ना. पाठीवर हात ठेवला. मी परत एकदा विश्वास ठेवला.

त्या सभेचं सांगून झालंय.

सभेने दवाखाना हलवला. इतिवृत्तात आलं, महिलांच्या मागणीवरून. आमच्याच तोंडात घातलेली मागणी.

तरी मी लगेच काम सोडलं नाही. हे लोकांना पटत नाही, पण घरात आई आणि वहिनी, आणि भाऊ सिन्नरच्या कंपनीत ठेकेदाराकडे. मी जात राहिले. मान खाली घालून खड्ड्यांच्या बातम्या करत राहिले. ऑफिसात आता मला बाकीचेही बिनधास्त सांगायचे, चहा ठेव. मी ठेवायचे.

एप्रिलमध्ये वहिनी तपासणीला निघाली. आठवा संपत आला होता. सोबत आई. रिक्षावाला पलीकडे सोडायला तयार होईना, वळसा लांबचा म्हणून. त्या पायीच निघाल्या. दुपारचं ऊन. महामार्ग ओलांडताना मध्ये दुभाजकापाशी वहिनीला चक्कर आली आणि ती खाली बसली. दोन्हीकडून ट्रक. आई तिच्यावर ओणवी होऊन पदराने सावली धरून उभी. कुणी थांबेना. उलट कुणीतरी गाडीतून मोबाईल काढून व्हिडिओ केला.

शेवटी एका टेम्पोवाल्याने गाडी आडवी घातली आणि त्यांना सिव्हिलला नेलं. वहिनी वाचली. बाळ आतच गेलं होतं. मुलगी होती.

दुभाजकावर बसण्यामुळे ते झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते म्हणाले, बीपी बरेच दिवस वाढलेलं असणार, वेळच्या वेळी तपासलं असतं तर कळलं असतं. वहिनीच्या आधीच्या दोन तपासण्या चुकल्या होत्या. नवा दवाखाना लांब म्हणून.

मी सिव्हिलच्या व्हरांड्यात होते तेव्हा सरांचा फोन आला. तो व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. आधी वाईट वाटल्याचं म्हणाले. मग म्हणाले, "तू घरचीच आहेस. तिथूनच लाईव्ह ये. रडू आलं तर अडवू नकोस, लोक बघतील."

मी व्हरांड्यात बसले होते. समोर आई फरशीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. मला एकदम स्वच्छ दिसलं. ह्या माणसाने मला कधी मुलगी मानलंच नव्हतं. त्याला आमचा राग हवा होता, आमचं रडू हवं होतं. आमचं म्हणणं तेवढं नको होतं.

मी म्हटलं, "नाही, सर."

ते म्हणाले, विचार कर, तुला मी घडवलंय.

मी म्हटलं, "मला आईने घडवलंय. ती इथे समोर बसलीय." आणि फोन ठेवला.

ओळखपत्र आणि माईक मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या टेबलावर ठेवून आले. सर समोर होते.

त्यानंतर मी सुमनमावशीच्या दारात गेले. तिला म्हटलं, आपण पुढच्या सभेत जाऊ, मी सगळ्यांच्या वतीने बोलते. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्या वतीनं आता कुणी नको. तू बी नको. माझं तोंड मला हाय."

हे लागलं. मग पटलं. मला वाटत होतं की सरांनी माझा विश्वासघात केला. मावशीचा तर आम्हा दोघांकडून झाला होता.

तेव्हापासून मी वेगळं काम करते. परत झेरॉक्सच्या दुकानात जाते, आणि सकाळी विहाराच्या भोंग्यावरून महापालिकेच्या बातम्या वाचते. सभेपुढे कोणते विषय आहेत, आपल्या प्रभागात काय येणार, काय जाणार. जसं आहे तसं. माझं मत त्यात घालत नाही. ऐकून बायका ओट्यावर जमतात, भांडतात, ठरवतात. कुणी काय बोलायचं ते जी ती ठरवते.

पुढच्या सभेला आम्ही गेलो. वहिनी पण आली. दारावरच्या शिपायाने सांगितलं, एवढ्या बायका आत सोडता येणार नाहीत. मावशी त्याच्या बाजूने सरळ आत गेली, तिच्यामागून सगळ्या. आत पत्रकारांच्या रांगेत सर होते. त्यांच्या शेजारी एक नवी मुलगी, हातात तोच माईक. दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीतली असावी, कारण तिचे डोळे माझ्या तेव्हाच्या डोळ्यांसारखेच होते, खूश आणि घाबरलेले. सभा संपल्यावर मी तिला बाहेर गाठून सगळं सांगितलं. तिला खरं वाटलं की नाही, माहीत नाही.

दादांनी मला विचारलं, "तू आता कुठल्या चॅनलची?"

"कुठल्याच नाही. मी या प्रभागात राहते."

मावशी बोलली. वहिनी बोलली, ह्या वेळी वर बघून. तिने तिच्या मुलीचं सांगितलं. मग दादा म्हणाले, दुःख झालं, विषय पुढच्या सभेत घेऊ.

पुढच्या सभेत तो घेतला नाही. त्याच्या पुढच्या सभेतही नाही. दवाखान्याला कुलूप आहे. बाहेर पार्किंगचे पांढरे पट्टे मारून झालेत. लग्नसराईत तिथे गाड्या उभ्या असतात.

सोमवारी परत सभा आहे. आम्ही आमचा विषय लिहून दिलाय, पोच घेतलीय. घेतला तर बोलू. नाही घेतला तर सभागृहात जमिनीवर बसू आणि बसून राहू. पोलीस उचलतील. उचलू देत. त्याच्या पुढच्या सभेला परत येऊ. आम्हाला कुणाची सहानुभूती नको. दुःख झालं असं कुणी म्हणायला नको. आम्हाला आमचा दवाखाना पाहिजे, त्याच जागेवर, आणि तो मिळेपर्यंत ह्या शहरातली एकही सभा आमच्याशिवाय होणार नाही.