सरकारने पाठवलेली मुलगी

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला लखनौतलं ते सरकारी ऑफिस आठवतं. मी बालगृहातली, मी लहान असताना सरकारनेच मला जानकीपुरममधल्या एका मराठी शास्त्रज्ञ जोडप्याकडे सांभाळायला दिलं होतं. त्यांना मी काका-काकू म्हणायचे. पुढे काका वारले, आणि मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा, अनाथ मुलांची फी सरकार भरतं असं कळल्यामुळे, काकू मला तिथे घेऊन गेली. जूनची दुपार होती, तिची सुती साडी पाठीला चिकटली होती. तिथले कारकून बाबू म्हणाले, “बिटिया, तुम तो परिवार में रहती हो, अनाथ कैसे? कह दो कि इन्होंने घर से निकाल दिया, काम हो जाएगा।” काकू माझ्या कानाशी पुटपुटली, “सांग तसं. मला काही वाटणार नाही गं.” पण तिचा आवाज कापत होता. मी उठले आणि थेट आत मोठ्या मॅडमपुढे जाऊन उभी राहिले. “मैडम, सरकार ने ही मुझे इनके घर भेजा था। फीस के लिए मैं इन पर झूठा इल्ज़ाम नहीं लगाऊँगी।” मॅडमनी दारात घुटमळणाऱ्या काकूकडे पाहिलं आणि बाबूंना हाक मारली, “बच्ची को घर मिल गया तो क्या हमारी ज़िम्मेदारी ख़त्म? फीस मंज़ूर कीजिए।” बाहेर येताच काकू आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत पानवाल्याला, रिक्षावाल्याला, दिसेल त्याला ओरडून सांगत सुटली, “हमारी लड़की इंजीनियर होनेवाली है!” मी नंतर खरंच इंजिनिअर झाले, पण मला विचाराल तर मी जिंकले ती त्या भर रस्त्यातच.