बऱ्या माणसाचा भाव

नवरा मुलुंडच्या हॉस्पिटलात होता तेव्हा मी रोज सकाळी गेटबाहेरच्या त्या शहाळेवाल्याकडे जायचे. कोयत्याच्या पाठीने तो शहाळं ठोकायचा, आवाज पटला नाही की बाजूला टाकायचा. समोर वडापावची गाडी, कायम गर्दी. तिकडे हनुवटी उडवून म्हणायचा, "आपली गिऱ्हाइकं तिथेच तयार होतात, ताई. बऱ्या माणसाला शहाळं महाग वाटतं."

मला हसू यायचं नाही. आमच्या साहेबांनी वर्षानुवर्षं तसल्याच गाडीवर स्वस्तात नाश्ता उरकला होता, आणि त्या स्वस्ताईचं बिल आता वर तिसऱ्या मजल्यावर वाढत होतं. मी शंभराची नोट द्यायचे आणि तो परत देईल ते न बघता पर्समध्ये कोंबायचे.

मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "धोका टळलाय, आज घरी न्या." मी खाली आले आणि पहिल्यांदाच विचारलं, "केवढ्याला रे?"

"सत्तर."

"सत्तर? लुटतोस काय? कमी कर जरा!"

कोयता हवेतच थांबला. "साहेबांना सोडलं ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"भाव करायला लागलात की!" तो पहिल्यांदाच मोकळा हसला. "ज्याचं माणूस वर असतं, तो भाव विचारत नाही. त्याच्याकडून मी साठच घेतो. बऱ्या माणसाला सत्तर."

एक रुपया कमी केला नाही त्याने. आणि सत्तर रुपये देताना मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.