गुलाबी पाणी आलंच नाही

जायचं ठरलं ते आमच्या स्वयंपाकघरात. नलूकाकू कधी फोन केल्याशिवाय येत नाहीत, त्या दिवशी आल्या. हातात डबा होता, पण तो निमित्ताला. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेनात. मग म्हणाल्या, यंदा ट्रेलर काढायला मधुकाकांबरोबर तूही चल. मी म्हटलं, येतेच की, दर वर्षी येते. तर म्हणाल्या, तसं नाही, यंदा जरा लक्ष ठेवायला चल.

जे हा ब्लॉग पहिल्यांदाच वाचतायत त्यांच्यासाठी: मधुकाका आणि नलूकाकू सांगलीहून मिशिगनमध्ये आले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. काका गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचे, आता निवृत्त आहेत. आम्ही पुण्याहून ऐन जानेवारीत ट्रॉयला उतरलो तेव्हा आमच्या अंगावर स्वेटर होते आणि बाहेरच्या थंडीला स्वेटर म्हणजे विनोद वाटतो. काका त्यांच्या घरातले जुने कोट घेऊन दारात उभे राहिले. तेव्हापासून ते आमचे काका. ट्रकमागे जोडून न्यायचं त्यांचं छोटं घर, म्हणजे ट्रेलर, हे आमच्याही सुट्ट्यांचं घर झालं. पलंग, दोन शेगड्या, आणि उभं राहून वळायचं म्हटलं तर कोपर आपटेल एवढं न्हाणीघर.

आमच्याकडे हिवाळ्यात नळाचं पाणी पाइपातच गोठतं, फुगतं आणि पाइप फाडतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये ट्रेलरचं सगळं पाणी काढून टाकायचं आणि पाइपांत गुलाबी रंगाचं, थंडीत न गोठणारं अँटिफ्रीझ भरून ठेवायचं. मे महिन्यात उलटं काम. नळ सोडला की आधी सरबतासारखं गुलाबी पाणी येतं, मग फिकट होत जातं, मग स्वच्छ. हे काम काका कुठल्याही दुकानाला देत नाहीत. वर्षातल्या या पहिल्या ट्रिपला आम्ही 'पाणी सोडायची ट्रिप' म्हणतो आणि खरं सांगायचं तर मला ती उन्हाळ्यातल्या मोठ्या ट्रिपांपेक्षा जास्त आवडते.

यंदा काकांनी मोठा बेत आखला होता: ट्रेलर घेऊन थेट ओरेगॉन, पॅसिफिकपर्यंत. पण मार्चमध्ये ते देवळातून निघून हायवेच्या भलत्याच एक्झिटला उतरले आणि बराच वेळ घरी पोचले नाहीत. टेक्सासमध्ये शुगर लँडला असलेला त्यांचा डॉक्टर मुलगा म्हणतो, ट्रेलर विकून टाका. काकूंना ठरवता येत नव्हतं. "तू बघ गं, हे एवढं लांब नेऊ शकतील का," त्या म्हणाल्या. "आणि यातलं त्यांच्यासमोर काही काढू नकोस. त्यांना लागेल."

म्हणजे मला परीक्षक नेमलं होतं, आणि ज्यांनी मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं त्यांचीच परीक्षा घ्यायची होती.

शनिवारी सकाळी निघालो. माझा नवरा समीर आणि आमची लेक तिच्या ऑर्केस्ट्रामुळे घरी राहिले. ट्रॉयहून आय-७५ हायवे धरून सरळ उत्तरेला जायचं. फ्लिंट आणि बे सिटी मागे पडली की ट्रक कमी होतात आणि सपाट शेतं सुरू होतात. रस्ता सोपा आहे, पण हिवाळ्यानंतर खड्डे फार. ट्रेलर ओढणार असाल तर उजव्या लेनमध्येच राहा. वाटेतली सरकारी विश्रांतीस्थळं स्वच्छ असतात. तिथल्या बाकावर आम्ही काकूंचे धपाटे, लसणीची चटणी आणि दही खाल्लं. बाहेर खायचंच असेल तर सरोवराजवळच्या गावांत धुरावलेला व्हाइटफिश चांगला मिळतो. काकू शाकाहारी, पण काका आणि मी दर वर्षी चोरून घेतो, म्हणजे काकूंना माहीत असतं.

ट्रेलर हिवाळाभर एका शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतात. काकांनी ट्रक मागे घेतला तो एका दमात, बरोबर ट्रेलरच्या आकड्याखाली. साखळ्या, दिवे, ब्रेकची वायर, चाकांतली हवा. एकही गोष्ट राहिली नाही. मी मुद्दाम विचारलं, काका, सगळं झालं का? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, मी ब्रेकवर पोट भरलंय." तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने कॅम्पग्राउंडपर्यंत त्यांनी असा ट्रेलर नेला की मागच्या सीटवर बसलेल्या काकूंचा चेहरा मैलागणिक सैल होत गेला. माझाही झाला. मनातल्या मनात मी त्यांना ओरेगॉनला पोचवूनही आले.

कॅम्पग्राउंड ह्युरॉन सरोवराच्या काठावर आहे. मेच्या सुरुवातीला गर्दी नसते, भाडंही कमी असतं. फक्त नळ सुरू केलेत का हे आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी उशिरा सुरू करतात. काकूंनी ट्रेलरच्या दाराला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. शेजारचे गोरे आजोबा कुतूहलाने बघत होते, त्यांनाही खोबऱ्याचा तुकडा मिळाला.

मग पाण्याचं काम. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी जोडली, दाब कमी करणारा पितळी तुकडा लावला. काका बाहेर नळापाशी, मी आत ओट्यापाशी. हे आमचं ठरलेलं. ते पाणी सोडतात आणि मी रंग सांगते.

नळाने आधी हवा खोकली, नेहमीसारखी. मग पाणी आलं. स्वच्छ.

मला वाटलं उजेडामुळे तसं दिसतंय. ओंजळीत घेतलं. गुलाबी छटासुद्धा नाही. मी न्हाणीघराचा नळ सोडला, तोही स्वच्छ. आणि तेवढ्यात पलंगाखालून फस्स असा आवाज सुरू झाला आणि माझ्या मोज्यांखालून थंड पाणी सरकलं. मी ओरडले, काका, बंद करा.

पलंगाची फळी उचलली तर पाइप लांबीत चिरला होता. पंपही तडकला होता, संडासाचा व्हॉल्व्हही. काका गुडघ्यांवर बसले. चिरेवरून बोट फिरवलं, एकदा, मग परत. ब्रेकमधली केसाएवढी भेग शोधणारा हा माणूस, त्याला काय झालंय ते मी सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबरमध्ये ना पाणी काढलं गेलं होतं, ना पाइपांत अँटिफ्रीझ भरलं गेलं होतं.

काकू जुना पंचा घेऊन फरशी टिपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, माझंच चुकलं. दिवाळीच्या साफसफाईत तुमचे ते गुलाबी कॅन मी बेसमेंटमध्ये नेऊन ठेवले, फराळाच्या डब्यांमागे. तुम्हाला दिसलेच नसणार."

त्या इतक्या सहज बोलल्या की मला पटलं. इथल्या कुठल्याही मराठी घराला पटेल. दिवाळीच्या आधी आमच्याकडे गॅरेजमधलं काय कुठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि नेमकी तीच वेळ ट्रेलर बंद करायची. काका उठले. हात पुसले आणि जरा फिरून येतो म्हणाले. काकूंनी मला नजरेनेच त्यांच्यामागे पाठवलं.

सरोवराच्या कडेला अजून बर्फाचा मळकट काठ होता. आम्ही वाळूवरून बरंच चाललो. मग ते थांबले.

"नलू खोटं बोलते," ते म्हणाले. "कॅन गॅरेजमध्येच होते. गाडीच्या समोर. सगळा विंटर. गाडी पार्क केली की हेडलाइट त्यांच्यावर पडायचा. मी बघायचो, आणि हे कशाला आणलंय तेच आठवायचं नाही."

मी काहीतरी बोलायला गेले, होतं असं, वयाप्रमाणे, वगैरे. त्यांनी हात वर केला.

"हेच करता तुम्ही सगळे. मान राखता. मुलगा बायकोकडून निरोप देतो, बायको तुझ्याकडून. माझ्याशी कुणी सरळ बोलतच नाही. मृणाल, यापुढे मी विसरलो तर तू मला तोंडावर सांगायचं. काका म्हणून सांभाळून घ्यायचं नाही. प्रॉमिस कर."

मी केलं. आणि रडले. ते रडले नाहीत, माझ्या पाठीवर थोपटत सरोवराकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला, काकूंचा आला, त्या मुक्या कॅनांचाही आला. सगळ्यांत जास्त वाईट याचं वाटलं की हिवाळाभर ते रोज त्या उजेडात एकटेच बसले असतील.

त्या दिवशी बाटलीतल्या पाण्यावर मुगाची खिचडी केली आणि आंघोळीसाठी कॅम्पग्राउंडच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेलो. तिथे गरम पाणी भरपूर असतं, फक्त स्वतःच्या चपला न्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे ट्रेलर सोडला. तो म्हणाला, होईल सगळं, पण मोसम आहे, वेळ लागेल. तुम्ही हे काम स्वतः करणार असाल तर एवढंच सांगते: पाणी सोडताना एक माणूस आत हवाच, पंप सतत गुणगुणत राहिला तर कुठेतरी गळतंय, आणि टाकीचं पाणी थोडं ब्लीच घालून धुतल्याशिवाय पिऊ नका.

ट्रकपाशी आल्यावर काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या सीटवर बसलेलं पाहिलं नव्हतं. पट्टा कुठल्या बाजूला आहे ते शोधायला त्यांना क्षणभर लागला. फ्लिंटच्या अलीकडे, मागे न वळता ते म्हणाले, "ओरेगॉन राहू दे यंदा." काकू म्हणाल्या, "बरं." मी ज्यासाठी गेले होते त्याचं उत्तर मला द्यावंच लागलं नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं, हे लिहून टाकते.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. समीर विचारतो, ट्रिप कशी झाली ते लिहिणार होतीस ना? काय लिहायचं कळत नव्हतं. सरोवर सुंदर होतं. रस्ता सोपा होता. मला वाटलं होतं, वचन दिलं तेव्हाच अवघड काम संपलं.

परवा इंडियन ग्रोसरीत काका भेटले. भाज्यांपाशी गाडा धरून उभे होते. काकू मसाल्यांच्या रांगेत असाव्यात. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"काय गं, यंदा पाणी सोडायला जायचं की नाही? मे संपत आला."

जाऊ या ना काका, हे अगदी ओठांवर आलं होतं. किती सोपं होतं. आजूबाजूला माणसं दुधी दाबून बघत होती.

"काका, जाऊन आलो आपण," मी म्हटलं. "पाइप फुटला होता. ऑक्टोबरमध्ये तुम्ही अँटिफ्रीझ भरायला विसरला होतात. ट्रेलर रिपेअरला दिलाय."

त्यांनी गाड्याचा दांडा घट्ट धरला. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं.

"तेव्हा नलू होती?"

"होती."

"म्हणजे तिला माहितेय." त्यांनी मान हलवली. "बरं केलंस सांगितलंस. पण मी आत्ता परत विचारलं, हे तिला सांगू नकोस."

मी हो म्हणेपर्यंत काकू कढीपत्ता घेऊन आल्याच. काय चाललंय दोघांचं, म्हणाल्या.

"काही नाही," काका म्हणाले, इतक्या सहज. "हिला कोथिंबीर निवडून देत होतो." आणि एक जुडी उचलून त्यांनी माझ्या गाड्यात ठेवली.

मला कोथिंबीर नको होती. मी घेतली.