वाटेवर बांधलेली पानं

थिओनिलाचा विश्वास होता तो फक्त एका दगडावर. नारळाएवढा, नदीतला, एका अंगानं चपटा. कोकोच्या बिया विकायला ती मोठ्या रस्त्यावर गेली की पिशवीतून तो दगड काढून आधी व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवायची. त्याचं वजन नेहमीइतकं भरलं तरच तिचं पोतं पुढं सरकायचं. बोनिफास नावाचा तो व्यापारी हसून म्हणायचा, "मावशी, आज कोको विकायचाय की दगड?" काटा कधी एकदाही खोटा निघाला नव्हता, आणि त्यामुळं तिचा संशय उलट वाढला होता. इतकी वर्षं लबाडी सापडू न देणारा माणूस किती पोचलेला असेल, असं ती शेजारणींना सांगायची.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि थिओनिलाचं तोंड चांगलंच पोळलं होतं. बुगनविल बेटाच्या या डोंगरांत जमीन आईकडून लेकीकडं जाते. बाई मालकीण, पण बैठकीत जमिनीबद्दल बोलायचं ते तिच्या भावानं. जमीन बाईची, तोंड भावाचं. ती लहान असताना बाहेरची माणसं खाणीसाठी जमीन आखून लाल खुंट्या ठोकायला आली होती. तिच्या आईनं त्या खुंट्या उपटून नदीत फेकल्या. आईच्या भावानं मात्र त्या माणसांबरोबर डुक्कर खाल्लं, आणि इथं डुक्कर मारलं की शब्द दिला गेला, मग तो मागं घेता येत नाही. खालची अर्धी जमीन खाणीच्या राखाडी गाळाखाली गेली. पुढं त्या खाणीपायीच लढाई झाली, खाण बंद पडली, बेटाची नाकेबंदी झाली, औषधं मिळेनाशी झाली आणि लढाईत झालेल्या पायाच्या जखमेनं थिओनिलाचा नवरा गेला. आईनं मरताना तिला सांगून ठेवलं होतं, "बाहेरच्यांचं काहीही खा, त्यांचं डुक्कर तेवढं खाऊ नको. आणि भावावर नजर ठेव."

वरची अर्धी जमीन अजून शाबूत होती. ओढा, कोकोची झाडं, बदामाची जुनी झाडं, आईची आणि नवऱ्याची थडगी. एवढं राखायचं म्हणून ती जगत होती म्हणा ना.

स्वातंत्र्याचं मतदान आलं तेव्हा मात्र तिनं शंका घेतली नाही. वेगळा देश हवाच होता. नवरा त्यासाठीच गेला होता. बांबूच्या पाव्यांच्या सुरात, झेंडे नाचवत सगळं गाव शाळेवर गेलं, तशी तीही गेली. शिक्का मारला, बोटाला शाई लावून घेतली, आणि समोरच्या झाडाखाली ठाण मांडून बसली. पेटीला सील लागेपर्यंत तिनं जागा सोडली नाही. पेटी गाडीत चढवताना तिनं देखरेखीला आलेल्या परदेशी पोलिसाला तिचा तळ दाखवायला लावला. बिचाऱ्यानं पेटी उचलून दाखवलीही. निकाल लागला तो वेगळ्या देशाच्या बाजूनं, जवळजवळ सगळ्यांच्या सगळ्या मतांनी. त्या दिवशी ती नाचली, नवऱ्याच्या आठवणीनं रडली, आणि घरी परतताना वाटेत एकदम थांबून लेकीला म्हणाली, "सगळं इतकं सरळ कसं गं झालं?"

सरळ काहीच झालं नव्हतं. शेवटचा शब्द ज्या देशातून फुटायचं त्याच्या राजधानीतल्या, पोर्ट मोर्सबीच्या संसदेचा होता, आणि ती संसद अंड्यावरच्या कोंबडीसारखी बसून राहिली. वर्षं गेली. दवाखान्यातली परिचारिका पगार नाही म्हणून माहेरी निघून गेली. पुरात वाहून गेलेला पूल वाहून गेलेलाच राहिला. आणि मग अरावा शहरातून नवं पालुपद ऐकू यायला लागलं: देश हवा तर पैसा हवा, आणि पैसा डोंगरात आहे. मत द्यायला एक बोट पुरतं; त्यानंतर देश खायला काय मागेल, हे मतं मागायला आलेल्यांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर त्यांनाही ते ठाऊक नसावं.

थिओनिलाची एकुलती एक लेक बर्नाडीन अरावाच्या शाळेत शिक्षिका होती. महिनोन्‌महिने पगार नाही, तरी शनिवारी येताना आईला साबण आणि तांदूळ आणायची. जेवताना ती देशाबद्दल बोलायची: आपलं चलन, आपली औषधं, आपले रस्ते. थिओनिला नारळाच्या दुधात शिजवलेले तारोचे कंद तिच्या पानावर वाढत कौतुकानं ऐकायची. लेकीवर कसला संशय घ्यायचा? ती तर आपलंच रक्त. रक्त भावाचंही तेच होतं म्हणा. पण आईनं नजर ठेवायला सांगितली होती ती भावावर.

तो भाऊ म्हणजे तार्सिसिअस. इथल्या रीतीप्रमाणं लग्न झाल्यावर तो नदीपलीकडं बायकोच्या गावी राहायला गेला होता. कमी बोलणारा, सुपारी चघळत गालात हसणारा माणूस. खाणीच्या बैठकांना अरावाला बोलावणी येऊ लागली तशी कुळाचा बोलणारा म्हणून त्याला जावंच लागायचं. परत आल्यावर तो बहिणीला एवढंच सांगायचा, "भात होता. भाषणं होती." ती विचारायची, तू काय म्हणालास? तो म्हणायचा, "जे म्हणायचं तेच." यावर थिओनिलाला झोप कशी लागावी?

आणि एक दिवस तो नवेकोरे बूट घालून आला. जाड तळव्यांचे, चकचकीत पिवळे. जन्मभर अनवाणी फिरलेला माणूस! शंकेची पाल चुकचुकली ती थांबेचना. बूट कुणी दिले, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "पायांनी मागितले." तिनं बोनिफासकडं चौकशी केली, भावजयीला आडून विचारलं, त्याच्या झोपडीवर नवे पत्रे तर चढले नाहीत ना हे नदीकाठावरून पाहून आली. पत्रे चढले नव्हते. म्हणजे पैसे लपवले असणार. कुंपणच शेत खातंय, याची तिला आता खात्री पटली.

मग निरोप आला: कंपनीची माणसं आणि सरकारी साहेब बैठकीला तिच्याच अंगणात येणार. डोंगरात फक्त पाहणी करायची परवानगी हवी, बाकी काही नाही. त्यांच्या गाडीत डुक्कर असणार हे कुणी सांगायची गरज नव्हती.

थिओनिलानं रात्रभर विचार केला आणि पहाटे रानातून लांब पानांची जुडी आणली. नदीकडून येणाऱ्या वाटेवर, दोन झाडांच्या मध्ये, तिनं ती पानं आडवी बांधली. जमिनीच्या मालकिणीनं बांधलेली पानं कुणी ओलांडत नाही. ती कापायचीही नसतात, कापली तर नातं कापलं जातं. बांधणाऱ्या हातानंच ती सोडवावी लागतात. नदीकडून त्या वाटेनं येणारा एकच माणूस होता. बहिणीनं भावाची वाट अडवणं ही त्या खोऱ्यात कधी न ऐकलेली गोष्ट होती, आणि शेजारणींनी तोंडावर हात ठेवले. तिनं रागारागानं गाठीवर गाठ मारली. तिचा हिशेब पक्का होता: बोलणारा नाही तर बैठक नाही, बैठक नाही तर शब्द नाही.

दुपारी गाडी आली. मागं बांबूला पाय बांधलेलं डुक्कर होतं, आणि पुढं साहेबाशेजारी बर्नाडीन बसली होती. शाळेतून सुट्टी काढून आपल्यासाठी आली, असं थिओनिलाला वाटलं आणि तिला धीर आला. साहेब नम्र होता, तिला आई म्हणाला. मग त्यानं विचारलं की कुळातर्फे कोण बोलणार. म्हातारे पायाकडं बघू लागले. थिओनिला मनातून खूश होती.

तेवढ्यात बर्नाडीन उभी राहिली. "मामा आलेला नाही," ती म्हणाली. "आईनंतर ही जमीन माझी. मी बोलते."

आवाज तिचा नेहमीचाच होता, जेवतानाचा. आपण मत दिलं ते झेंडा शिजवून खाण्यासाठी दिलं का, तिनं विचारलं. आपल्याच शाळेत पोरं जमिनीवर बसतात, आपल्याच दवाखान्यात कुलूप आहे. स्वतःचं काही नसेल तर मोर्सबीवाले आपल्याला कधीच सोडणार नाहीत, आणि सोडलं तरी आपण दुसऱ्या कुणाच्या दारात उभे राहू. "पाहणी करू द्या. बाबा ज्यासाठी गेले ते अर्धवट ठेवायचं का?"

बैठकीत थिओनिला आयुष्यात कधी बोलली नव्हती. तिचा शब्द भावाच्या तोंडातून निघायचा. तरी ती उठून कशीबशी म्हणाली, "थांबा. भाऊ येऊ दे."

साहेबानं आभाळाकडं पाहिलं. डोंगरावर ढग उतरले होते, नदी चढली तर गाडी अडकणार. "घेऊन या आई," तो म्हणाला. "पण लवकर."

ती धावत वाटेवर आली. तार्सिसिअस पानांच्या पलीकडं ओंडक्यावर बसला होता. सकाळपासून बसला असावा. समोरची माती सुपारीच्या पिचकाऱ्यांनी लाल झाली होती. बूट काढून त्यानं शेजारी ठेवले होते.

"तार्सी, तू काय बोलणार होतास?"

"दर वेळी बोललो तेच. नाही म्हणून."

तिचे हात गाठीकडं गेले आणि तिथंच थबकले. कमरेला कोयता होता, पण कोयत्याचा उपयोग नव्हता. आणि जी शंका इतके महिने उशाशी घेऊन ती झोपली होती, ती आता तरी कशी सुटावी? हा खरं बोलतोय कशावरून? आपण गाठ सोडायची आणि यानंच तिथं जाऊन हो म्हणायचं, असं तर नाही?

"आधी सांग, बूट कुणी दिले?"

"आधी गाठ सोड, अक्का."

"सांग आधी."

वारा सुटला. पहिले थेंब पानांवर पडले, आणि ती गाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "तुला कळू नये असं वाटत होतं. बर्नाडीननं दिले. मामानं हो म्हणावं म्हणून. मी बूट ठेवून घेतले, शब्द दिला नाही. पोरीची तक्रार तुझ्याकडं काय करायची?"

मग मात्र थिओनिलाची बोटं भराभर चालू लागली. पण पानं ओली झाली होती आणि गाठी तिच्याच रागाच्या होत्या. पहिली सुटली, दुसरी सुटली. नखाखालून रक्त आलं. पलीकडून तिला मदत करायला तार्सिसिअसनं हात पुढं केला आणि मागं घेतला. त्याला त्या पानांना शिवता येत नव्हतं.

अंगणातून डुकराची किंकाळी आली. दोघांनीही ती ऐकली. ती बराच वेळ चालली, आणि मग थांबली.

थिओनिला तरीही गाठ सोडत राहिली. शेवटचं पान सुटून खाली पडलं तेव्हा वाट मोकळी होती, आणि तार्सिसिअस बूट हातात घेऊन नदीकडं परत निघाला होता.