माय झाडू मारत नव्हती

“इनकी माँ हमारे यहाँ झाडू मारती थी.”

राईस मिलचा मालक माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला. ऑफिसात आम्ही पाच जण होतो. पाचही फौजी अधिकारी, पाचही वर्दीत. टेबलावर काजू, कपबशीत चहा. माझ्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव असतं. ते त्यानं आधी वाचलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कोणत्या बाजूला, ते विचारलं. मी सांगितलं. तेव्हा त्याचा चेहरा फुलला.

“देखो साहब, सरकार ने कहाँ से कहाँ पहुँचा दिया.”

आमच्या गटाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल होते. ते हसले. मग बाकीचे तिघं हसले. वाईट माणसं नव्हती ती. सोबत जेवलेली, सोबत अभ्यास केलेली. मालक हसला म्हणून हसली.

मी चहा प्याले. पूर्ण कप. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, मी असतो तर असं सुनावलं असतं. मी काही सुनावलं नाही. मेजर होते मी. नोकरीला बारा वर्षं झाली होती. खाली मान घालून वहीत लिहीत राहिले.

आम्ही तिथं शिकायला गेलो होतो. फौजेच्या रसद खात्यात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी लॉजिस्टिक्स मॅनेजमेंटची एक पदव्युत्तर पदवी असते. अन्न, इंधन, दारूगोळा कुठून निघतो, कुठं अडतो, जवानापर्यंत कसा पोचतो, याचा अभ्यास. शेवटी प्रत्येकानं आपला प्रबंध लिहायचा. त्यासाठी आमच्या गटाला तांदळाचा प्रवास दिला होता. सकाळी चोरखमारा तलावाच्या पाण्यावरची धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, पाहिली, दुपारी आमगावची ही मिल. गोंदिया जिल्हा निवडला तेव्हा मला आनंद झाला होता. माझा जिल्हा. मीच सगळ्यांना हो म्हणायला लावलं होतं.

त्या मिलच्या आवारात मी लहानपणी मायचा डबा घेऊन जायची. तहान लागली तर मुनीम वरून पाणी ओतायचा. मी ओंजळ धरायची. कोपरावरून पाणी खाली जायचं. आता कपबशी मिळाली, तर सोबत हे ऐकावं लागलं.

मालकाला मी एकच प्रश्न विचारला होता. एकावर एक रचलेल्या पोत्यांची थप्पी आतून गरम होते, तांदूळ खराब व्हायला लागतो, ते आधी कसं कळतं?

“वो तो लेबर देख लेते हैं.”

म्हणजे कसं बघतात? दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. तेच उत्तर.

परत जाताना गाडीत एक जण म्हणाला, “मॅडम, ये कोटावाली बात आपने कभी बताई नहीं.”

माझं उत्तर तयार होतं. अकादमीत दिलेलं, मेसमध्ये दिलेलं, एकदा एका लग्नात दिलेलं. “अफसर की भर्ती में रिज़र्वेशन नहीं होता, सर.”

“अरे, मज़ाक कर रहा था.”

गट गोंदियाला मुक्कामी गेला. मी घरी जायची परवानगी काढून मध्येच उतरले आणि एसटीनं गावात आले. ऊन उतरत होतं. माय ओसरीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. वर्दी पाहून आधी खूश झाली. मग तोंड पाहिलं.

“का झालं वो?”

मी सांगितलं. तिनं हातातली शेंग टोपल्यात टाकली.

“झाडू मारत होती म्हने? मी कवा झाडू मारली? मी पोती शिवत होती. थप्प्या पाहत होती. झाडू मारनारी दुसरी होती, जनाबाई. थिचं नाव बी नाही आठवत त्याले.”

मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे. किंवा रडेल. तिला एवढाच राग आला की तिचं काम चुकीचं सांगितलं.

“अन् तू का म्हटलं?”

“काही नाही.”

“काऊन?”

मी बुटाची नाडी सोडायला लागले.

“साहेब होती ना तू तिथं?”

“होते.”

“मंग काऊन नाही बोलली?”

ती रागावली नव्हती. खरंच विचारून राहिली होती. तिला वाटत होतं, एवढं शिकल्यावर, एवढी वर्दी घातल्यावर माणूस बोलत असेल. त्यासाठीच तर शिकवलं होतं. मी बूट काढले आणि तिच्याजवळ शेंगा सोलायला बसले.

थोड्या वेळानं मी तिला तोच प्रश्न विचारला. थप्पीचा.

माय हसली. “त्यात का आहे? दोन पोत्याच्या मंधात हात घालाचा, कोपरापर्यंत. बाहेर गार लागते. आत कोमट लागली का थप्पी फोडाची. वास येऊन राहिला म्हंजे उशीर झाला.”

एका साली तिनं मुनिमाला सांगितलं होतं, मधली थप्पी कोमट आहे. त्यानं ऐकलं नाही. पूर्ण थप्पी पिवळी पडली. तेव्हापासून माल ट्रकमध्ये चढायच्या आधी मायला बोलावून हात घालायला लावत. पाणी तरीही वरूनच ओतत.

वही काढली. तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. संस्थेत परत गेल्यावर जवळच्या एका गोदामात परवानगी काढली, थर्मामीटरची सळई घालून पाहिलं. जिथं हाताला कोमट लागलं तिथं सळईनंही तेच दाखवलं. मायचं बरोबर निघालं.

प्रबंधात त्यावर एक प्रकरण लिहिलं. माहिती देणाऱ्याच्या जागी मायचं पूर्ण नाव. पुढं: पोती शिवणारी व थप्पी तपासणारी कामगार, राईस मिल, आमगाव.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी बोलावून घेतलं. पान उघडून त्या नावावर पेन ठेवलं.

“या तुमच्या कोण?”

“आई.”

“हे काढा. मिल व्यवस्थापन असं लिहा. मालकांनी वेळ दिला होता ना?”

“मालकांना हे माहीत नव्हतं, सर. तीनदा विचारलं. नोंद जोडली आहे.”

“मग अनुभवी कामगार लिहा. नाव कशाला?”

“बाकी सगळ्यांची नावं आहेत, सर.”

त्यांनी चष्मा काढला. “मॅडम, प्रबंधात भावनेला जागा नसते. तुम्ही लोक प्रत्येक ठिकाणी हेच घेऊन येता.”

खोलीत पंखा चालू होता. मला थकवा आला. खूप जुना थकवा. बारा वर्षं मी एक वाक्य पाठ करून फिरत होते, की अधिकारी भरतीला आरक्षण नसतं. म्हणजे मी तशी नाही, मी वेगळी. माझा भाऊ आरक्षणातून शिक्षक झाला. तिकडं डोंगराकडच्या गोंड वस्तीत शिकवतो, मोटरसायकलनं रोज जातो, पोरं त्याच्यावर जीव टाकतात. प्रत्येक वेळी ते वाक्य बोलून मी स्वतःला वाचवत होते आणि त्याला बुडवत होते. कुणी मागितलं होतं माझ्याकडून ते स्पष्टीकरण? आणि मी तरी का देत होते?

“तुम्ही लोक म्हणजे कोण, सर?” मी विचारलं.

आवाज चढला नाही. चढवायची ताकदच नव्हती.

त्यांनी चष्मा परत घातला. “फौजी अधिकारी, असं म्हणायचं होतं मला.”

“बाकीचे चार पण फौजी अधिकारीच आहेत, सर. त्यांनी काय आणलं?”

त्यांनी पान मिटलं. नाव काढलं तर ठीक, नाही काढलं तर गुण कमी होतील, असं शांतपणे सांगितलं. मी नाव काढलं नाही.

गुण कमी झाले. आमच्या तुकडीत शेवटचा नंबर माझा. आमच्या कर्नलसाहेबांचा प्रबंध उत्तम ठरला. त्यात पहिल्या पानावर मिलमालकाचे आभार आहेत. माझ्या कोर्सच्या अहवालात शेरा आला: गटात मिसळून काम करण्यात कमी पडतात. बढतीच्या वेळी तो शेरा समोर येईल, हे मला माहीत आहे. एका मैत्रिणीनं सुचवलं, माफीचं दोन ओळींचं पत्र दे, शेरा सौम्य होईल. मी दिलं नाही.

मायला गुणांचं सांगितलं नाही. प्रबंधाची प्रत दिली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिचं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, “जनाबाईचं काऊन नाही टाकलं?”

मी वही काढली आणि जनाबाईचं पूर्ण नाव विचारलं.

आता नवी पोस्टिंग आली आहे. मोठा डेपो आहे, धान्याचा. तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी मी ऑफिसात बसणार नाही. गोदामात जाणार. पोती उचलणारे, शिवणारे, थप्पी पाहणारे, झाडणारे, एकेकाचं पूर्ण नाव विचारणार, काम विचारणार, आणि माझ्या सहीनं वर पाठवायच्या प्रत्येक अहवालात ते लिहिणार. कुणी खोडलं तर परत लिहिणार. माझं आडनाव वाचून कुणी गाव विचारलं, घर कोणत्या बाजूला विचारलं, तर सांगणार. त्यानंतर ते पाठ केलेलं वाक्य नाही, एक शब्द जास्तीचा नाही.