कारणाचा रकाना

"तार असती तर आत्ता तिचा गळा धरला असता," माझे सासरे एकदा म्हणाले.

तेव्हा ते पुढच्या खोलीत स्टुलावर उभे होते. राउटर टीव्हीमागून काढून त्यांनी पुस्तकांच्या कपाटावर नेऊन ठेवला होता आणि आता दोन्ही हात रिकामे झाल्यामुळे त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. रिकाम्या हातांचा त्यांना फार त्रास व्हायचा.

सदतीस वर्षं ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढायचं, कमरेचा पट्टा आवळायचा, रिसीव्हर कानाला लावायचा आणि नुसत्या खरखरीवरून सांगायचं की पाणी कुठे शिरलंय, जोड कुठे सुटलाय. खात्यात त्यांना सगळे 'टोनमास्तर' म्हणत. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा सोबत एक ट्रंक, अवजारांची पिशवी आणि एक कोरं रजिस्टर होतं. पिशवी पलंगाखाली गेली. रजिस्टर चार वर्षं कोरंच राहिलं. पण माणूस बसला नाही. घरभर चालत राहायचे. नळ आवळून बघायचे, बिजागरीत तेल सोडायचे, बंद पंख्याकडे मान वर करून पाहत राहायचे. कसला तरी आवाज यायला हवा होता आणि येत नव्हता, असा चेहरा करून.

आमचं घर लांबट आहे. पुढे माझी खोली, मधे त्यांची, मागे माझ्या बायकोची. ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचते. मागच्या खोलीच्या भिंतींवर तिने जाड रजया टांगल्या आहेत. दार लावून, लॅपटॉपला माइक जोडून ती तासदीड तास वाचते, आणि झालं की ती फाइल वायफायवरून माझ्या कॉम्प्युटरच्या फोल्डरात टाकते. फोल्डर घरातल्या कुठल्याही यंत्रावर उघडतो. मी त्यातल्या चुका, खोकला, खुर्चीची करकर कापतो आणि फाइल संस्थेकडे पाठवतो. दोन खोल्यांमधून एक आवाज जातो, एवढाच आमचा कारखाना.

तो आवाज मधेच अडकायला लागला. फाइल निघायची, पडद्यावरची पट्टी चाळीस टक्के, पन्नास टक्के अशी सरकायची आणि बासष्टवर येऊन थिजायची. मग फोल्डरच नाहीसा. दहा मिनिटांनी परत हजर, काही झालंच नाही असा.

आम्ही पेनड्राइव्हवर आलो. ती मागून पळत यायची, मी पुढून पळत जायचो. त्या धावपळीत सातव्या धड्याची न कापलेली फाइल संस्थेला गेली. उष्णतेचं वहन समजावून घेत असलेल्या वीस-बावीस मुलांना मधेच ऐकू आलं, "अरे देवा, परत चुकले, हे काप रे." मुलं म्हणे खूप हसली. संस्थेच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन करून सांगितलं, "आमच्या स्टुडिओत येऊन वाचा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पुढच्या शनिवारी अकराला फोन करते, हो की नाही ते सांगा. घरून जमत असेल तर पुस्तकाचे तेराही धडे तोवर माझ्याकडे हवेत."

बायकोने हे जेवताना सांगितलं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"रोज जाणार?"

"रोज."

"आणि जावईबुवांचं काम?"

"मी फायली स्टुडिओतूनच घेईन," मी म्हणालो. "मलाही तिथेच टेबल देतायत."

त्यांनी घास तोंडात घातला, खूप वेळ चावला. दिवसभराच्या रिकाम्या घराचा हिशेब ते मनात करत असावेत. मग उठले, हात धुतले आणि पलंगाखालून अवजारांची पिशवी ओढली. ट्रंकेतून रजिस्टर निघालं. पट्टी लावून त्यांनी पाच रकाने आखले. तारीख, वेळ, तक्रार, तपासणी, कारण.

"अकरा दिवस आहेत," ते म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फॉल्ट जातो, पण सापडत नाही. आणि न सापडता गेलेला फॉल्ट परत येतो."

पहिल्या दिवशी राउटरची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी त्याचा चार्जर. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप वीज वाचवायला मधेच झोपतो ते बंद केलं. ते त्यांनी मला बटण शोधायला लावून केलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'यंत्रास झोप मना.' चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्यांचा वायफाय आमच्यावर चढतोय असा संशय आला. ते वर जाऊन त्यांना विचारून आले. वरच्या आजी म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी कुणावर चढत नाही." तेही लिहिलं. पाचव्या दिवशी दुपारभर ते लॅपटॉपच्या मागे स्टूल टाकून बसले. पट्टी शंभरपर्यंत सुतासारखी सरळ गेली. चार वेळा पाठवून पाहिली, चारही वेळा गेली.

"मी बसलो की शेपूट घालतो," ते खूष होऊन म्हणाले.

सहाव्या दिवशी ते जेवून जरा आडवे झाले आणि फोल्डर गेला.

"बाबा, तुम्ही झोपलात की बिघडतं आणि उठलात की चालतं," बायको वैतागून म्हणाली. "आता जागेच राहा जन्मभर."

"दरारा आहे पोरी, दरारा," ते म्हणाले, आणि अनवाणी चालायला लागले.

ती चाल मला आत्ताही ऐकू येते. पुढून मागे, मागून पुढे. मधेच थांबून तळहात भिंतीला लावायचे, जणू भिंतीला ताप आहे. अदृश्य गोष्टीशी भांडायची त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती. खांब होता तेव्हा फॉल्टला पत्ता होता. आता तो खोलीभर पसरला होता, श्वासातून आत जात होता, आणि बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. मीही कॉम्प्युटरपुढे बसून त्या पट्टीकडे पाहायचो आणि माझा गुडघा आपोआप हलायला लागायचा. घरात तीन माणसं आणि तिघांचेही पाय जागेवर नव्हते. बायकोचा वाचण्याचा वेग वाढला. एक वाक्य ती तीनतीनदा घ्यायची.

दहाव्या दिवसापर्यंत बारा धडे कसेबसे गेले. शुक्रवारी दुपारी तेरावा बासष्टवर अडकला. रजिस्टरची अडीच पानं भरली होती. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. चष्मा पुसला. रजिस्टर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, तक्रारी सोडून फक्त वेळा. बोट खाली सरकत होतं.

"एक चाळीस. दोन पाच. तीन वीस. दोन. सकाळची एकही नाही, जावईबुवा?"

"नाही."

"संध्याकाळची?"

"तुमचा पाचचा चहा झाला की सगळं सुरळीत असतं," मी सहज म्हणालो. "बुधवारी तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात, त्या दिवशीही काही झालं नाही. ती म्हणते तेच खरं. तुम्ही आडवे झालात की…"

एरवी ते 'दरारा' म्हणाले असते. या वेळी बोट थांबलं.  मग ते उठून आपल्या खोलीत गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन त्यांनी मागच्या दारावर टकटक केली. "पाठव."

बायकोने तेरावा धडा पाठवला. मी इकडून ओरडून सांगत होतो, "तीस. पन्नास. बासष्ट. सत्तर. गेला! पूर्ण गेला!"

"आता थांब," ते म्हणाले. खोलीत गेले, दार लोटलं. दोन मिनिटांनी आतूनच आवाज आला, "आता परत पाठव. तोच."

"बाबा, गेलाय ना आता? मरू दे. अकरा वाजत आले."

"पाठव म्हणतो ना!"

तिने पाठवला. पंधरा. तीस. बासष्टसुद्धा नाही, एकेचाळीसवर पट्टी थिजली आणि फोल्डर गेला. भर सकाळी, पहिल्यांदाच. फॉल्ट हुकमी आणता आला तरच तो सापडला, असं ते नेहमी म्हणायचे. त्यांनी तो आणला होता.

खोलीतून ते बाहेर आले तेव्हा हातात एक पांढरा डबा होता, आमच्या राउटरपेक्षा लहान, वायर गुंडाळलेला. जुन्या बाजारात मिळतो तसला, इकडची रेंज उचलून पलीकडे फेकणारा. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मला कळलं. मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला हा डबा जवळचा, म्हणून तो चालू झाला की लॅपटॉप मोठ्या राउटरला सोडून याला चिकटायचा. आणि या डब्याची स्वतःची पुढे बोलायची ताकद अर्धीमुर्धी. एखादा आवाज ऐकण्यापुरती पुरे, दीड तासाची फाइल वाहून न्यायला नाही.

"हा कधी लावलात?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. वायफायचं नाव तेच दिलं, तुम्हाला त्रास नको म्हणून. पॅरलल फोन असतो ना, तसा. दुसऱ्या खोलीत दुसरा फोन जोडला म्हणून पहिला कधी बंद पडत नसे." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "जेवल्यावर लावायचो. चहाला काढायचो."

"पण कशाला?"

 तोवर बायको मागून आली होती. तिने डबा पाहिला, वडिलांकडे पाहिलं आणि सरळ त्यांच्या खोलीत शिरली. मीही मागे गेलो. लोखंडी कपाटाआडचा तो कोपरा, जिथे आमची रेंज कधी पोचलीच नव्हती. उशीवर टॅब्लेट होता, आम्हीच कधीतरी दिलेला, वर हेडफोन. पडद्यावर आमचाच फोल्डर. पलीकडच्याच दाराआड वाचणाऱ्या मुलीचा सातवा धडा अर्ध्यावर थांबवलेला होता, न कापलेला, 'अरे देवा' सकट.

तिने हेडफोन एका कानाला लावला आणि लगेच काढला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ते माझ्या टेबलाशी उभ्याउभ्या लिहीत होते. पट्टी आडवी धरून, सरळ ओळीत. शनिवार, सकाळी दहा चाळीस. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'तपासणारा स्वतः', आणि खाली सही केली. सदतीस वर्षांत कधी त्यांना ही ओळ लिहावी लागली नसणार. डबा गुपचूप काढून टाकला असता तर आम्हाला जन्मात पत्ता लागला नसता. तेरावा धडा तर गेलाच होता. टोनमास्तर टोनमास्तरच राहिले असते.

फोन वाजला.

"हो बाई," बायको म्हणाली. "तेरावा आत्ता येईल. नाही, स्टुडिओत नाही. घरूनच वाचते. हो, फॉल्ट सापडला. कुणाचा?" ती थांबली. "आतलाच होता. चुकून झालं."

फोन ठेवून ती वडिलांपुढे उभी राहिली. "ऐकायचंच होतं तर दाराशी येऊन बसायचं होतं की."

त्यांनी मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही. हात परत रिकामे होते.

"आणि माझ्या चुकांसकट ऐकता? हा कापून देतो ते ऐका ना!"

 मी वाट पाहत होतो, निदान आता ते मला एखादा टोमणा मारतील. ते वळले. कपाटावरच्या राउटरखाली, भिंतीला टाच टेकवून उभे राहिले आणि चालायला लागले. पण ही रोजची चाल नव्हती. एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच चिकटवत, भिंतीच्या कडेकडेने, ओठांतल्या ओठांत पावलं मोजत. दाराशी वळण घेतलं, चौकटीची उंची नजरेने मोजली, खोलीत शिरले, लोखंडी कपाटाला वळसा घालून उशीपर्यंत गेले. परत आले ते टेबलावरचं पेन उचलून तळहातावर एक आकडा लिहीतच.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. 

त्यांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, चपला पायात सरकवल्या आणि ते तार आणायला बाहेर पडले.